पाळण्यात न दिसलेले पाय

स्कीइंगची मोठी शर्यत सुरू होण्याआधी उतारावरून काही जणांना सोडतात. ते स्पर्धक नसतात. गेटं, म्हणजे ज्यांच्यामधून वळत उतरायचं ते खांब, नीट रोवले आहेत का, बर्फ कुठे भुसभुशीत झालाय का, घड्याळं चालतात का, हे त्यांच्या खाली येण्यावरून आयोजकांना कळतं. यांना फोररनर म्हणतात. प्रेक्षक त्या वेळी अजून जागा शोधत असतात.

६ जानेवारी १९९६ रोजी ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग प्रांतातल्या फ्लाखाऊ या गावात वर्ल्ड कपची, म्हणजे हंगामभर ठिकठिकाणी चालणाऱ्या आणि गुण देणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, जायंट स्लालम (गेटांमधून मोठी वळणं घेत उतरायची) शर्यत होती. त्या दिवशीच्या फोररनरांमध्ये गावातलाच एक तेवीस वर्षांचा गवंडी होता. उन्हाळ्यात विटा रचायचा, हिवाळ्यात वडिलांच्या स्की-शाळेत शिकवायचा. तो खाली आला. त्याची वेळ स्पर्धकांच्या वेळांशेजारी ठेवून पाहिली तर ती बाराव्या क्रमांकाची निघाली. आता फोररनरला कोरा बर्फ मिळतो, त्याच्याआधी कुणी चर पाडलेले नसतात, त्यामुळे ही तुलना अगदी चोख नाही, हे मान्य. तरीही जगातल्या सर्वोत्तम स्कीअरांच्या शर्यतीत गावचा गवंडी बारावा? प्रशिक्षकांनी चौकशी केली. नाव कळलं, हर्मान मायर.

पुढचं सगळं भराभर झालं. महिन्याभरात तो वर्ल्ड कपमध्ये उतरला. फेब्रुवारी १९९७ मध्ये गार्मिशला सुपर-जीमध्ये (जायंट स्लालमहून वेगवान प्रकार) पहिला विजय. त्याच्या पुढच्या हंगामात, म्हणजे १९९८ मध्ये, तो वर्ल्ड कपचा एकूण विजेता (सगळ्या प्रकारांतले गुण मिळून पहिला) झाला आणि त्याच हंगामात ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं. १९९९-२००० च्या हंगामात त्याने बरोबर २,००० गुण केले. पुरुषांमधला तो विक्रम मार्को ओडरमाटने २०२३ मध्ये मोडेपर्यंत टिकला. निवृत्त झाला तेव्हा खात्यावर ५४ वर्ल्ड कप विजय आणि चार एकूण विजेतेपदं होती.

ही गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगितली जाते. जिद्द असली की वाट सापडतेच, खरं सोनं झाकून राहत नाही, वगैरे. भाषणांत फार उपयोगी पडते. माझं भांडण या चालीशी आहे. मायरच्या गोष्टीतून मुलांची निवड करणाऱ्या व्यवस्थेला बरं वाटण्यासारखं काहीच निघत नाही. उलट तिच्याविरुद्धचा इतका बोलका पुरावा दुसरा शोधूनही मिळणार नाही.

पंधराव्या वर्षी मायर श्लाडमिंगच्या स्की-अकादमीत होता. ऑस्ट्रियात अशा शाळा आहेत, जिथे मुलं राहतात, शिकतात आणि स्कीइंग करतात. टिरोल प्रांतातली श्टाम्सची शाळा १९६७ पासून चालू आहे आणि तिथून ऑलिम्पिक विजेत्यांची रांग बाहेर पडली आहे. श्लाडमिंगला मायरचा निकाल मात्र वेगळा लागला. पोरगा लहानखुरा, वाढ मागे पडलेली. शर्यतींमध्ये तुझं काही व्हायचं नाही, असं त्याला सांगितलं गेलं आणि तो घरी आला. घरी येऊन गवंडीकाम शिकला.

त्या शिक्षकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जे होतं ते त्यांनी पाहिलं. वसतिगृहातल्या खाटा मोजक्या, उतारावरचे तास मोजके, प्रशिक्षक मोजके. कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. चूक त्यांच्या डोळ्यांत नव्हती, ती त्यांनी डोळ्यांकडून धरलेल्या अपेक्षेत होती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. पाळण्यात पाय दिसतात हे खरंच आहे, पण ते किती वाढणार ते दिसत नाही.

वाढीचा हिशेब जरा पाहू. तेरा-चौदा वर्षांचे दोन मुलगे शेजारी उभे करा. दाखल्यावरचं वय एकच, पण हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक सहज असू शकतो. एकाचा आवाज फुटलेला, मांड्या भरलेल्या, दुसरा अजून पोरसवदा. अल्पाइन स्कीइंगमध्ये वजनाचा आणि पायाच्या ताकदीचा सरळ फायदा होतो. वळणावर स्कीची कड बर्फात रुतवून धरायची तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब पायांवर येतो. लवकर वाढलेला मुलगा हा दाब पेलतो आणि जिंकतो. तो जिंकतो म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळाला म्हणून तो आणखी जिंकतो. दोन वर्षांनी दुसरा मुलगा उंचीने त्याच्या बरोबरीला येतो. तोवर यादी लागून गेलेली असते.

यात जन्मतारीख भर घालते. वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिलं होतं, की वरच्या पातळीवर पोचलेल्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. पुढे इन्सब्रुकमधल्या संशोधकांना ऑस्ट्रियातल्या किशोरवयीन स्कीअरांमध्येही तेच आढळलं. आपण गुणवत्ता निवडतोय असं निवडणाऱ्याला वाटतं आणि बऱ्याचदा तो महिना निवडत असतो.

मायरचा जन्म ७ डिसेंबर १९७२ चा.

हे कळल्यावर मी इतरांच्याही जन्मतारखा पाहिल्या. १९७६ मध्ये इन्सब्रुक ऑलिम्पिकला डाउनहिलचं (सगळ्यात वेगवान शर्यत) सुवर्ण जिंकणारा फ्रान्झ क्लामर, ३ डिसेंबर. १९८८ मध्ये कॅल्गरी ऑलिम्पिकला दोन सुवर्णं नेणारा इटलीचा अल्बेर्तो तोम्बा, १९ डिसेंबर. पस्तिसाव्या वर्षी ऑलिम्पिक डाउनहिल जिंकणारा नॉर्वेचा आक्सेल लुंड स्विंदाल, २६ डिसेंबर. क्षणभर हुरळून गेलो. मग तितकेच मोठे दोन स्कीअर, स्वीडनचा स्टेनमार्क आठवला, ऑस्ट्रियाचा हिर्शर आठवला. दोघंही मार्चमधले. चार तारखांवरून सिद्धांत मांडायचा नसतो. तरी एक गोष्ट उरतेच. जे वर्षाच्या शेवटी जन्मले आणि तरीही चाळणीतून निसटले नाहीत, ते पुढे मागे पडत नाहीत, उलट काही तर सगळ्यांच्या पुढे जातात. मग जे निसटले ते कोण होते?

इथे समोरून हमखास येणारा आक्षेप असा, की ऑस्ट्रियाची पद्धत चुकीची असती तर ऑस्ट्रिया जिंकला कसा? आणि हा आक्षेप लेचापेचा नाही. २१ डिसेंबर १९९८ रोजी इन्सब्रुकजवळच्या पाट्शरकोफेलवर झालेल्या सुपर-जी शर्यतीत पहिले नऊच्या नऊ स्कीअर ऑस्ट्रियाचे होते. जगातल्या इतर सगळ्या देशांना दहाव्या क्रमांकापासून सुरुवात करावी लागली. एखाद्या व्यवस्थेला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं मिळणार!

त्या नऊ जणांत पहिला कोण होता? मायर. ज्याला त्या व्यवस्थेने पंधराव्या वर्षी घरी पाठवलं होतं, तो.

असे आणखी आहेत. श्टेफान एबरहार्टरने एकविसाव्या वर्षी, १९९१ मध्ये, झालबाखच्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णं जिंकली. मग दुखापती झाल्या, फॉर्म गेला आणि तो संघाबाहेर फेकला गेला. युरोपा कपच्या खालच्या पायरीवरून तो पुन्हा वर चढला, १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकला जायंट स्लालममध्ये मायरच्या मागे रौप्य मिळवलं आणि तिशी ओलांडल्यावर, २००२ आणि २००३ मध्ये, वर्ल्ड कपचा एकूण विजेता झाला. मार्क जिरार्डेली तर ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाऊचा. त्याच्या वडिलांचं ऑस्ट्रियाच्या स्की महासंघाशी बिनसलं, पोरगा लक्झेंबर्गकडून स्कीइंग करायला लागला, आणि त्या चिमुकल्या देशाच्या नावावर वर्ल्ड कपची पाच एकूण विजेतेपदं लागली. तेव्हा ऑस्ट्रिया निवडीमुळे जिंकत होता की निवडीत चुका करूनही शिल्लक राहील एवढा साठा त्याच्याकडे होता म्हणून, हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या देशात गावोगाव उतार आहेत आणि पोरं चालायला लागली की स्कीवर उभी राहतात, तिथे दहा हिरे फेकून दिले तरी अकरावा हाताशी असतो. श्रीमंतांच्या घरची उधळपट्टी लवकर लक्षात येत नाही.

मायरची वाट कशी उघडली ते बारकाईने पाहिलं की ‘जिद्द’ या शब्दाखाली काय काय दडवलंय ते दिसतं. वर्ल्ड कपची शर्यत त्याच्या स्वतःच्या गावात आली. वडिलांची स्की-शाळा होती, म्हणून नाकारल्यावरही बर्फाशी संबंध तुटला नाही. हातातलं काम असं होतं की हिवाळा मोकळा मिळायचा. बांधकाम थंडीत थांबतं. तोच पोरगा बाराही महिने चालणाऱ्या कारखान्यात लागला असता तर? शर्यत पलीकडच्या खोऱ्यात झाली असती तर? त्याच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. नाकारल्यानंतर तो प्रांतिक शर्यती जिंकत होता, आणि तरी राष्ट्रीय संघाचं दार किलकिलं झालं नव्हतं. खरं तर हेच सगळ्यात बोचतं. या मुलाचे निकाल समोर येत होते. पण किशोरवयात त्याच्या नावावर काही नव्हतं, म्हणून तरुणपणी त्याच्याकडे पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

शर्यतींची रचनाही उशिरा आलेल्याला पाठीमागे ठेवते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गुणपद्धतीत (हे गुण वर्ल्ड कपच्या गुणांहून वेगळे) गुण जितके कमी तितका स्कीअर वरचा आणि त्याला सुरुवातीचा क्रमांक पुढचा. नवख्याला पन्नासावा, साठावा क्रमांक येतो. तोवर आधीच्यांनी प्रत्येक गेटापाशी वळून वळून बर्फात खोल चर पाडलेले असतात. पहिल्याने कोऱ्या कागदावर लिहायचं आणि साठाव्याने गिरगोटलेल्या, आणि अक्षर मात्र दोघांचं एकाच फुटपट्टीने तपासायचं. वर्ल्ड कपच्या जायंट स्लालममध्ये पहिल्या फेरीनंतर फक्त तीस जण पुढे जातात. आता त्या जानेवारीतल्या सकाळीकडे पुन्हा पाहा. मायरला कोरा बर्फ मिळाला तो फोररनर होता म्हणून. स्पर्धक म्हणून तो शेवटच्या क्रमांकांत उतरला असता तर ती बारावी वेळ कदाचित दिसलीच नसती.

शाळेने मोजता येत होतं ते मोजलं: उंची, वजन, गुडघे, त्या वर्षीच्या शर्यती. जे मोजता आलं नाही ते कळायला नागानो उजाडावं लागलं.

१३ फेब्रुवारी १९९८, हाकुबाचा उतार, ऑलिम्पिक डाउनहिल. हे पडणं मी किती वेळा पाहिलंय याची गणती नाही, तरी दर वेळी पोटात गोळा येतो. सुरुवातीपासून काही गेटं पार करून मायर एका वळणाशी येतो. वेग प्रचंड. वळणापलीकडे जमीन खाली झुकते, आणि तो वळायच्या जागी हवेत जातो. शरीर आडवं होतं, मग डोकं खाली, पाय वर. तो हवेत आहे तोवरचा काळ संपता संपत नाही. मग मानेवर-खांद्यावर आदळतो, कोलांट्या खात संरक्षक जाळ्यांची एक रांग फोडतो, मग दुसरी, आणि पलीकडच्या मऊ बर्फात दिसेनासा होतो. मग उठतो, आणि हात हलवतो.

डाउनहिल फ्रान्सच्या जाँ-लुक क्रेतिएने जिंकली. हवामानाने घोळ घातल्यामुळे सुपर-जी लांबणीवर पडली आणि मायरला सावरायला थोडा अवकाश मिळाला. १६ तारखेला, दुखऱ्या खांद्याने आणि गुडघ्याने, त्याने सुपर-जीचं सुवर्ण जिंकलं. १९ तारखेला जायंट स्लालमचंही. यातल्या धाडसावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला धाडसापेक्षा त्याची दुरुस्ती जास्त मोठी वाटते. त्या वळणावर त्याने रेषा चुकीची निवडली होती. हिशेब चुकला होता, आणि चुकीची किंमत काय असते ते अंगावर कोरलेलं असताना तीन दिवसांनी त्याच वेगात दुसरा हिशेब करायचा होता. भीती न वाटणं वेगळं आणि भीतीचा हिशेब धरूनही वेग कमी न करणं वेगळं. हे दुसरं पंधराव्या वर्षी कुठल्या चाचणीत दिसणार? मुलाकडे ते तेव्हा असतं की नसतं, हेही सांगता येत नाही. कदाचित ते विटा वाहताना आलं असेल.

२४ ऑगस्ट २००१ ला राडश्टाटजवळ त्याच्या मोटरसायकलची मोटारीशी धडक झाली. उजवा पाय इतका चिरडला की तो कापावा लागेल अशी भाषा डॉक्टरांच्या तोंडी होती. सॉल्ट लेक सिटीचं ऑलिम्पिक गेलं. जानेवारी २००३ मध्ये तो परत आला, पायात टायटॅनियमचा दांडा घेऊन. आडेलबोडेनच्या पहिल्या शर्यतीत दुसरी फेरीसुद्धा गाठता आली नाही. दोन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, कित्झब्यूलला त्याने सुपर-जी जिंकली. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, पुन्हा वर्ल्ड कपचा एकूण विजेता. त्याला पंधराव्या वर्षी ज्या शरीरासाठी परत पाठवलं होतं, ते तिथल्या कुठल्याही धडधाकट मुलापेक्षा आता वाईट अवस्थेत होतं.

‘नाकारलं म्हणूनच तर तो घडला,’ असंही लोक म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, आणि त्यात कणभर तथ्यही असेल. लहानखुऱ्या मुलाला ताकदीच्या जोरावर जिंकता येत नाही म्हणून तो तंत्र घोटतो, आणि पुढे ताकद आली की दोन्ही हाताशी असतं. पण मग अपमान हेच प्रशिक्षण समजायचं का? नाकारलेल्या किती जणांचं काय झालं याची नोंद कुणी ठेवत नाही. परत आला त्याचंच नाव आपल्याला माहीत होतं, आणि त्या एका नावावरून आपण नाकारण्याचे गुण गातो.

लवकर निवडून, जपून, पद्धतशीर वाढवलेलं मूल यशस्वी होत नाही, असंही मी म्हणत नाही. मिकेला शिफ्रिन व्हरमाँटच्या बर्क माउंटन अकादमीत शिकली, २०१४ मध्ये अठराव्या वर्षी तिने सोचीला स्लालमचं (छोट्या, झटपट वळणांची शर्यत) ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शंभरावा वर्ल्ड कप विजय मिळवला. अकादमीतून शिफ्रिन निघते याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अकादमीच्या दाराबाहेर काय शिल्लक राहतं यावर.

नॉर्वेने यावर वेगळा विचार केला आहे. तिथल्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी १९८७ पासून नियमच केले आहेत. अगदी लहान मुलांच्या स्पर्धांत निकालाची क्रमवारी लावायची नाही. ती साधारण अकराव्या वर्षापासून. तेरा वर्षांखालच्यांसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरवायची नाही. मुलांनी एकच खेळ धरून बसू नये याकडे कल. जेमतेम पंचावन्न लाख लोकांचा हा देश. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने ३९ पदकं जिंकली, २०२२ च्या बीजिंगमध्ये १६ सुवर्णांसह ३७. दोन्ही वेळा पदकतक्त्यात पहिला. यातली बरीच पदकं क्रॉस-कंट्रीची आहेत, आणि तिथे दारातच बर्फ असतो, हे खरं. नियमांमुळेच पदकं आली असं सिद्ध करता येणार नाही. पण उशिरा निवडलं तर देश मागे पडतो, ही धास्ती तरी त्यातून नक्कीच खोटी ठरते. शेतेल आंद्रे ओमोट हा पुरुषांमध्ये सर्वाधिक, आठ ऑलिम्पिक अल्पाइन पदकांचा मानकरी, तोही नॉर्वेचाच.

म्हणून अकादम्या बंद करा असं माझं म्हणणं नाही. खाटा मोजक्याच राहणार. पण मुलाला परत पाठवताना ‘यंदा नाही’ म्हणायचं की ‘तुझं काही व्हायचं नाही’, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्याला काडीचा खर्च येत नाही. हाडांचं वय पाहायची सोय आहे, ती वापरावी. प्रांतिक शर्यती जिंकणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला, त्याच्या किशोरवयातल्या निकालांचा कागद न मागता, राष्ट्रीय चाचणीला उभं राहू द्यावं. मायरला हे दार असतं तर तो आधीच दिसला असता. आणि ज्यांच्या गावात वर्ल्ड कप येत नाही, अशा कुणाला तरी ते उघडं सापडलं असतं.

फ्लाखाऊच्या त्या उताराला आता हर्मान मायरचं नाव दिलं आहे. जानेवारीत तिथे दिव्यांच्या झोतात महिलांची स्लालम होते. तिच्याआधीही फोररनर खाली येतात, बहुतेक आसपासचीच तरुण मुलं. त्यांच्या वेळा जाहीर करू नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शर्यतीच्या कागदावर त्यांची नावं तेवढी असतात, पुढचा रकाना रिकामा.